अण्णाच्या खोलीत आलेली बाई

मी बेळगावात खासबागला राहते, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी काढणाऱ्या मुलांना आजवर वर्गात गप्पच बसवत आले... त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

माझा मोठा भाऊ, अण्णा, इथल्या एका मेडिकल कॉलेजात होता. कॉलेज तेव्हा नवं. एका कौलारू बंगल्यात मुलांचं हॉस्टेल होतं. आम्ही तेव्हा निपाणीत राहायचो, आई तिथं तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. अण्णा आमच्यातला पहिला डॉक्टर होणार होता. पहिल्याच वर्षी तापानं गेला. तो आजारी असल्याचा निरोप आला, त्या दिवशी सीमाप्रश्नावरून बंद होता. एकही बस सुटली नाही. आई दिवसभर पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसली होती, मी तिच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी पोचलो ते त्याला घरी आणायलाच.

आता सगळं कॅम्पस बदललंय. तो बंगला तेवढा कॉलेजनं डागडुजी करून जपलाय. यंदा जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आम्हालाही बोलावणं आलं. आई म्हणाली, "त्याची खोली तरी बघून येऊया."

खोलीत अण्णाचे तेव्हाचे रूम पार्टनर भेटले. आता खानापूरला डॉक्टर आहेत. आमची त्यांची कधी गाठ पडली नव्हती, तरी मी ओळख करून द्यायच्या आत ते आईच्या पाया पडले.

"मावशी, ओळखलं न्हाय? बंद हुता त्या दिवशी दुपारी तुम्ही आल्तासा की."

"मी?"

"व्हय. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्तासा. तुमच्या कपाळावरच्या ह्या वणावरनं बोट फिरवत हुता त्यो. मी सरांना बोलवून आलो, तवर तुम्ही न्हाईसा."

मी म्हटलं, "डॉक्टर, आई निपाणीत होती. माझ्याजवळ."

ते हळूच म्हणाले, "मी बघितलंय, ताई."

आईनं विचारलं, "पाणी पिला का त्यो?"

"पिला. तुमच्याच हातनं."

दुसरी कुणी बाई असेल, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण लहानपणी त्या वणावर बोट ठेवल्याशिवाय अण्णाला झोप यायची नाही — हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक असणार?

परतताना बसमध्ये आई म्हणाली, "गेल्ते म्हणं मी. मांडीवर घेतलं म्हणं. मग मला का आठवत न्हाय गं?"

मी तिचा हात धरून बसले.