पुढे ढकललेलं उत्तर

लालबागची आमची चाळ सोडून अमेरिकेला निघाले तेव्हा मी मुद्दाम दुपारची वेळ निवडली होती. पुरुष कामावर, बायका जेवणं आटपून जरा आडव्या झालेल्या, अशा वेळी टॅक्सी बोलवायची आणि गुपचूप सटकायचं, असा माझा बेत होता. पण चाळीत गुपचूप काही होत नाही. बॅगा जिन्यावरून खाली येईपर्यंत सगळ्या मजल्यांचे कठडे माणसांनी भरले. शेजारच्या सुशीलाकाकूंनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि विचारलं, "कॉलेजचं नाव काय म्हणालीस? कोणी विचारलं तर सांगायला नको?" मी सांगितलं. "म्हणजे हे दुसरंच ना गं?" त्या म्हणाल्या. बोलण्यात खोच अजिबात नव्हती. तरी मी मान खाली घालून टॅक्सीत बसले आणि दादर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

चाळीतल्या तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना हे आठवत असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. बाबा गिरणीत साचाखात्यात, मागांवर होते. गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि बऱ्याच वर्षांनी ते लालबागच्याच एका मसाला कुटायच्या दुकानात लागले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा तिखटाने लाल असायच्या. मी मात्र शिकत गेले. माटुंग्याच्या कॉलेजात मला रसायनशास्त्र आवडायचं आणि त्याच्या जोडीला इतिहासही आवडायचा, आणि आपल्याकडे असं दोन्ही आवडून चालत नाही. आमच्या केळकर मॅडम स्वतः अमेरिकेत शिकलेल्या. त्यांनी सांगितलं, तिकडे लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात, तिथे दोन्ही शिकता येतं. हुशार मुलांचा सगळा खर्चही काही कॉलेजं उचलतात. आम्ही त्यातलं सगळ्यात नावाजलेलं एक निवडलं. नोव्हेंबरातच, सगळ्यांच्या आधी, त्या एकाच ठिकाणी अर्ज करायचा; डिसेंबरात उत्तर.

अर्ज केलाय, एवढंच आईने सुशीलाकाकूंना सांगितलं होतं. काकूंकडून ते मंडळाच्या राणेकाकांकडे जाईपर्यंत अर्जाचा प्रवेश झाला. एक दिवस कॉलेजातून परतले तर चाळीच्या तोंडाशी, मंडळाच्या काळ्या फळ्यावर, रंगीत खडूने माझं नाव. खाली 'उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस प्रयाण. हार्दिक अभिनंदन!' नाक्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरात येऊन आईवर ओरडले, तर ती रडवेली झाली. "माझ्या तोंडातसून गेला गे, आता काय करू?"

पुसायला सांगण्याचा धीर आम्हा कोणालाच झाला नाही. मनातून वाटत होतं, होईलच की, मग कशाला?

उत्तर आलं ते दादरच्या एका सायबर कॅफेत वाचलं. 'नाही' म्हटलं नव्हतं आणि 'हो' पण नव्हतं. माझा अर्ज डिफर केला होता, म्हणजे आता इतर सगळ्यांच्या अर्जांबरोबर पुन्हा बघू, एप्रिलमध्ये कळवू. मी दादरहून चालत आले. फळा दिसला तशी पलीकडच्या फुटपाथवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळी, म्हणजे सगळी चाळ खाली असताना, बाबा बादली आणि फडकं घेऊन उतरले. मी वरून कठड्याआडून बघत होते. त्यांनी फळा नीट, कोपऱ्यांपर्यंत पुसला. राणेकाका धावत आले. "अहो, काय करताय? काय झालं?"

"काय नाय. तिचा अजून ठरूक नाय," बाबा म्हणाले आणि फडकं पिळलं. बादल्यांत पाणी पडण्याचा तेवढा आवाज. आजही शरमेचा विषय निघाला की मला त्यांची वाकलेली पाठ दिसते.

मी ठरवलं होतं की एप्रिलपर्यंत थांबायचं. मॅडम म्हणत होत्या, जानेवारीच्या आत दुसऱ्या कॉलेजांना अर्ज टाक. त्यांच्या घरी बसून एक जाडजूड पुस्तक उघडून त्यांनी मला नावं दाखवली. सगळी लहान, कुठल्या कुठल्या मक्याच्या शेतांतली. "ही नावं लालबागमध्ये कोणाला माहीत आहेत?" मी म्हटलं. मॅडम हसल्या. "तिथे लालबागला शिकायचंय, की तुला?" मला राग आला. आधी एवढा गाजावाजा, आणि आता हे? त्यापेक्षा वाट बघणं बरं. निदान अजून 'नाही' तर म्हटलेलं नव्हतं.

हे मी घरी जेवताना बोलले आणि बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पुढे ढकलला म्हणजे काय, ता माका इचार," ते म्हणाले. "गिरणी बंद झाली असा माका कोणी सांगलाच नाय. आज नाय तर उद्या भोंगो वाजतलो, म्हणान गेटार जाऊन बसत होतंय. तुझ्या मामान नोकरी बघलेली, बरी होती. मी म्हटलंय, नको, गिरणी सुरू झाली तर? किती वर्सा गेली माझी." मग आवाज चढला. "तू तेंच्या दारात बसान रवा नको. दुसरीकडे अर्ज कर!"

ते हे आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. आईही त्यांच्याकडे बघत राहिली. गेटवर बसलेले बाबा मला आठवत होते. शाळेतून येताना मैत्रिणींनी त्यांना पाहू नये म्हणून मी दुसऱ्या गल्लीने यायचे. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

नाताळच्या सुट्टीत मी सगळे निबंध पुन्हा लिहिले. कॉलेज निवडताना नाव हाताने झाकून बाकीचं पाहिलं, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, वर्गात किती जणं, विषय कधी ठरवावा लागतो. एप्रिलमध्ये पहिल्या कॉलेजाने शेवटी 'नाही' कळवलं. दोन लहान कॉलेजांनी बोलावलं. त्यातलं ओहायोमधलं मी घेतलं.

तिथे पहिल्याच आठवड्यात डॉर्मच्या लाउंजमध्ये मुलं आपल्याला कोणीकोणी नाकारलं ते एकमेकांना सांगत खिदळत होती. एकाने तर नकारांची पत्रं भिंतीला चिकटवली होती. माझी रूममेट म्हणाली, "तुझं काय?" मी पाणी प्यायला उठले. त्यांच्यासाठी ती गंमत होती, कारण त्यांच्यापैकी कोणाच्या बापाला फळा पुसावा लागला नव्हता. पुढे मला ते कॉलेज फार आवडलं. लॅबमधून थेट इतिहासाच्या सेमिनारला जायचे, बर्फात पाय रुतवत. पहिल्या कॉलेजात याहून वेगळं काय मिळालं असतं, मला सांगता येणार नाही. पण फोनवर आईने "कसा हा कॉलेज?" विचारलं की मी "चांगलंय" एवढंच म्हणायचे, आणि घाईने तिकडची थंडी किती, ते सांगायला लागायचे.

आता मी ओहायोतच शिकवते. चाळ पाडून टॉवर झाला, आईबाबा एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. दोघांनाही लिफ्टची भीती वाटत नाही, फक्त शेजारी दारं बंद ठेवतात याचं वाईट वाटतं. म्हणून मी गेले की आई ती उघडवते. बाबा सोफ्यावरून म्हणतात, "जाऊ दे गे तिका, दमली हा." पण आई मला हाताला धरून कॉरिडॉरमध्ये नेते. "ही आमची मुलगी. अमेरिकेत प्रोफेसर."

"कुठल्या युनिव्हर्सिटीत?" दारातला माणूस विचारतो.

मी नाव सांगते. त्याने ते ऐकलेलं नसतं. तो "अच्छा, अच्छा" म्हणतो, आणि माझे कान तापतात. इतकी वर्षं झाली, केस पिकले, तरी तापतात. ओहायोत मी पेपर नाकारला गेल्याचं, बढती हुकल्याचं कॉफी पिता पिता सांगते आणि विसरते. तिथल्या कोणत्याच दारात माझं असं होत नाही. म्हणून तिथे कितीही वर्षं राहिले तरी मी त्याला घर म्हणत नाही.

आई तोवर पुढच्या दाराशी पोचलेली असते. मी तिचा पदर ओढून म्हणते, "आई, पुरे ना." ती बेल वाजवते.