आत्याचं हसू आणि तिची सवत

आमची आत्या हसायची नोकरी करायची. थट्टा नाही करत. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत कुणी घसरून पडलं, कुणी नवऱ्याला टोमणा मारला, की मागून हसण्याचा जो लोंढा येतो ना, तो आमची आत्या. लोकांना वाटायचं, केवढी गर्दी हसतेय! गर्दी कसली, एका बंद खोलीत आत्या एकटी उभी असायची. चपला बाहेर काढलेल्या, डोळे पडद्यावर. पोट धरून हसायची तीच, फिसकन हसायची तीच, नाकातून हसायची तीही तीच. रेकॉर्डिंगवाला त्याचे थरावर थर लावायचा आणि भरलेलं सभागृह तयार करायचा.

त्या कामात एक नियम मोठा कडक होता. नटाच्या वाक्यावर हसू सांडता कामा नये. वाक्य पुरतं संपू द्यायचं, एक आवंढा गिळायचा, मग हसायचं. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीही तेच. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या भावाने, काही गंमत सांगितली की आम्ही सगळे हसून मोकळे व्हायचो, आणि मग आत्याचं हसू ऐटीत यायचं. वर आम्हालाच ऐकवायची, "बोलणाऱ्याला आधी बोलू द्यावं."

मग स्टुडिओत मशीन आलं. रेकॉर्डिंगवाल्याने आत्याकडून तिच्या हसण्याचे झाडून सगळे प्रकार भरून घेतले आणि प्रत्येकाला नाव दिलं. 'साहेबांच्या विनोदाचं', 'पाहुण्यांसमोरचं', 'सासूबाई खोलीबाहेर गेल्यावरचं'. आत्या हौसेने हसत राहिली. "आपली कला मागे राहील गं," मला म्हणाली. राहिली खरी, पण मशीनपाशी. आत्या घरी बसली. आता मशीनच विनोद ऐकतं, वाक्य संपायची वाट बघतं आणि आत्याच्या आवाजात हसतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण हसत हसत पाडून घेणारी आमची आत्याच. मला त्या रेकॉर्डिंगवाल्याचा असा राग आला होता की काही विचारू नका.

आत्या मशीनला 'सवत' म्हणायला लागली. त्यावर आतोबा, म्हणजे तिचे यजमान, गंभीरपणे म्हणाले, "माझा काही संबंध नाही हं." आतोबांचं सगळंच गंभीर. चहा गार झाला तरी ते दुःखद बातमी सांगावी तसं सांगतात.

एका सकाळी बाहेरच्या खोलीत टीव्ही लागला होता आणि आतोबा आरशासमोर दाढी करत होते. टीव्हीतून हसणं आलं. आतोबा तिकडे तोंड करून ओरडले, "अगं, काय झालं एवढं हसायला?" आत्या त्यांच्या मागेच टॉवेल घेऊन उभी होती. मी हसून लोळले. आत्या नाही हसली.

त्यानंतर ती हसेचना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "हसायला गेले की वाटतं, मी त्या सवतीचीच नक्कल करतेय. कामाचं हसू तिने नेलं, ते जाऊ दे. पण माझं म्हणून एखादं उरलंय की नाही, तेच मला कळत नाही गं." बोलताना तिचा आवाज बारीक झाला.

मग काय, आमचं अख्खं घर कामाला लागलं. रेकॉर्डिंगवाल्यालाही जरा मेल्याहून मेल्यासारखं झालं असावं. त्याने माझ्या मोबाइलवर एक सोय करून दिली. आत्या हसली की ते हसू मशीनमधलं कुठलं, त्याचं नाव पडद्यावर यायचं. बाबा मुद्दाम खुर्चीवरून पडले. आत्या हसली. मोबाइल म्हणाला, 'पाहुण्यांसमोरचं'. बाबांची कंबर धरली ती धरलीच. मी आतोबांच्या चालण्याची नक्कल केली, तेव्हा 'सासूबाई खोलीबाहेर गेल्यावरचं'. आईने तर थेट गुदगुल्या केल्या. 'साहेबांच्या विनोदाचं'! आई रुसून आत निघून गेली.

अशात स्टुडिओने आत्याचा निरोप समारंभ ठेवला. आत्या जायला तयार नव्हती. आतोबा म्हणाले, "बोलावलंय तर जावं." आम्ही सगळे नवे कपडे घालून गेलो. आत्याला मंचावर खुर्ची दिली. मालिकेचे निर्माते माइकसमोर उभे राहिले.

आता गंमत अशी की समारंभ रेकॉर्डिंगच्याच खोलीत होता, तिथला माइक नेहमी मशीनलाच जोडलेला असतो, आणि तो काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आज मला अतिशय दुःख होतंय," निर्माते म्हणाले आणि थांबले. भिंतीवरच्या भोंग्यातून मशीनचं खदखदून हसणं आलं. निर्मात्यांनी दचकून आत्याकडे पाहिलं. आत्याने तोंड घट्ट मिटून दोन्ही हात पसरले.

"बाई आम्हाला बहिणीसारख्या." भोंगा फिसकन हसला.

"हे बरं नाही हं!" निर्माते चिडले. भोंगा नाकातून हसला. रेकॉर्डिंगवाला तारा उपसायला धावला आणि भलतीच उपसली, दिवे गेले. अंधारात निर्माते घाईने मुद्द्यावर आले, "मशीन कितीही आलं तरी माणसाची जागा कुणी घेऊ शकत नाही!"

मशीन जे सुटलं! पोट धरून, मांडीवर थाप मारून म्हणा ना. दिवे आले तरी थांबेना. समोरचे लोक खाली माना घालून गदगदत होते. आत्या मात्र ओठ चावून बसलेली.

तेवढ्यात आतोबा उठले. नवा सदरा सारखा केला, मंचावर चढले, निर्मात्यांना बाजूला सारून माइक धरला. आणि बायकोकडे नाही, भोंग्याकडे बघून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अगं, पुरे आता. चार लोकांत बरं दिसतं का, घरी गेल्यावर..."

वाक्य पुरं झालंच नाही. आत्या फुटली. आधी उचकीसारखं काहीतरी, मग तेल न घातलेल्या कडीसारखी कर्र कर्र, मग नुसता श्वास. ती खुर्चीवरून घसरली, डोळ्यांतून पाणी, पदराचं भान नाही. इतकं बेढब हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आतोबांनी तोंड उघडताच थांबलेला भोंगा आपला अजून वाक्य संपायची वाट बघत होता.

मी मोबाइल पाहिला. 'ओळख पटली नाही'. मी तो उंच धरून नाचले, अगदी मंचासमोर, लाज सोडून.

रेकॉर्डिंगवाला माइक घेऊन आत्याजवळ गेला. "बाई, तेवढं एकदा परत द्याल?"

आत्याने सवयीने डोळे पुसले, आवंढा गिळला, हसली. 'पाहुण्यांसमोरचं'. परत प्रयत्न केला. 'साहेबांच्या विनोदाचं'. मागेल त्याला मागेल तसं हसू देणारी बाई, पण ते काही तिला जमेना. तिने माझा हात घट्ट धरला. "नाही येत गं मला!" पहिला नंबर आल्यासारखं ती सांगत होती. "मला येतच नाही ते!"

काम गेलं ते गेलंच. आता ती घरीच असते. रेकॉर्डिंगवाला पुष्कळ दिवस तिच्या मागे होता, पण बोलावून ते हसू कधी आलं नाही.

त्या दिवशी सगळे उठून चहाकडे वळले तेव्हा आतोबा तिथेच उभे होते. खूप विचार करून त्यांनी आत्याला विचारलं, "पण मी असं काय बोललो की..."

आणि आत्या पुन्हा फुटली, त्यांना पुढे बोलूच देईना.