कापूस कशानं जळतो

बाबा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मध्ययुगातल्या मुसलमान विचारवंतांचा एक वाद त्यांचा फार लाडका. धर्मपंडितांचं म्हणणं असं की कापूस आगीनं जळत नाही. दर वेळी ईश्वरच तो जाळतो, आणि आपल्याला सवयीनं वाटतं की आगीनं जाळला. तत्त्वज्ञ म्हणत, जाळणं हा आगीचा स्वभावच नसेल, तर माणसाला कशाचंच ज्ञान होणार नाही. बाबा तत्त्वज्ञांच्या बाजूचे. हे सगळं ऐकायला घरात मीच सापडायचो, आणि मला त्याचा मनस्वी कंटाळा होता.

दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरात आई दुपारी कापसाच्या वाती वळत बसायची. संध्याकाळी दिवा लावला की हात जोडायची.

"आगीनं आपलं काम केलं. तू हात कुणाला जोडतेस?" बाबा विचारायचे.

"जला ना दिवा? बस," एवढंच ती म्हणायची.

मागच्या वर्षी आई गेली. तिनं वळून ठेवलेल्या वातींचा डबा देवघरात होता. तेव्हापासून दिवा बाबाच लावतात. परवा वात पेटल्यावर त्यांनी हात जोडलेले मी पाहिले.

"म्हणजे धर्मपंडित जिंकले तर," मी जरा खवचटपणेच म्हणालो.

"मुळीच नाही. कापूस आगीनंच जळतो."

डब्याचा तळ दिसायला लागला होता. त्यांनी झाकण हळूच लावलं.

"पण या वाती तिनं वळल्यात," ते म्हणाले, "आणि रोज एक मी जाळतोय."