कोंबड्या कुणाकडं बघतात

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली किशननं आपल्या गिड्ड्या कोंबड्याचं नाव कलेक्टर ठेवलं. उंची वीतभर, पण छाती काढून असा फिरायचा, जणू दुष्काळाची पाहणी करायला आलाय. किशननं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून घरीच वाढवलेल्या ठेंगण्या कोंबड्या त्याच्या मागं मागं. दिवेलागणीला लिंबाखालच्या दगडावर बसून किशन सगळ्यांना तळहातावरची ज्वारी चारायचा.

पोळ्याआधी किशन वारला, आणि पाठोपाठ कणगीतली ज्वारीही सरली. त्याची बायको धुरपता नाइलाजानं कोंबड्या औशाच्या बाजाराला द्यायला तयार झाली. शेजारची कावेरीबाई डालगं घेऊन आली.

"धुरपते, तुलाच खायला न्हाई, यांना काय घालतीस? धर एकेक."

पण दिवेलागण झाली होती. कलेक्टर आपला ताफा घेऊन लिंबाखाली आला. रिकाम्या दगडापुढं सगळ्यांनी माना वर केल्या आणि बसल्या माणसाचा हात असतो तिथंच बघत राहिल्या. मग एकेक कोंबडी हवेतच चोच मारू लागली.

कावेरीबाईनं तोंडाला पदर लावला. "बाई, काय बघाय लागल्यात ह्या?"

"रोजचंच हाय," धुरपता म्हणाली. "जेवायला हाक मारली तर धनी कधी वेळेवर आले न्हाईत. कोंबड्यांची वेळ मात्र अजून चुकवीत न्हाईत."

तिनं डालगं रिकामंच परत दिलं. आपल्या वाटची भाकर घेऊन ती दगडापाशी आली.

"सरका जरा," ती म्हणाली, आणि दगडावर अर्धी जागा मोकळी सोडून बसली नि भाकर कुस्करू लागली.