अधांतरी जिना

माझ्या धाकट्या बहिणीनं अमरावतीला घर बांधलं, तेव्हा मला घराचं काही वाटलं नाही. वकिलाची बायको, बांधणारच. पण वास्तूला गेले, बैठकीत पाय ठेवला, तो जिना पाहिला अन् अंगाचा नुसता तिळपापड झाला. साठ-एकसष्ट साल असेल. भिंतीतून सिमेंटच्या पायऱ्या बाहेर निघालेल्या, एकेक सुटी, दुसऱ्या टोकाला आधार म्हणून काही नाही. दोन पायऱ्यांच्या मधून आरपार दिसायचं. माणसं पंगत सोडून त्या जिन्याखाली माना वर करून उभी. नागपूरहून इंजिनियर आणला होता म्हणे. बहीण पदर सावरत, काही नाही हो, यांची हौस, असं म्हणत फिरत होती. तिचं ते 'काही नाही' मला जेवताना घास गिळू देईना.

आमचं घर अकोल्याला. नवरा मास्तर. सासरे भिक्षुकी करायचे. दिवसभर बैठकीत पंचांग उघडून बसलेले अन् पुढ्यात मुहूर्त विचारायला आलेली माणसं. आमचा जिना स्वयंपाकघरातून निघायचा. लाकडी, दोन भिंतींच्या मधे, उभाच्या उभा, अन् अंधार असा की दिवसाही धरायला दोर बांधलेला. दुपारी मी वाळवण राखायला माडीवर जायचे. म्हणजे घरात तसं सांगून जायचे. खरं तर मी वर मॅट्रिकचा अभ्यास करायचे. पुस्तकं नवऱ्यानंच गुपचूप आणून दिली होती. दोन लेकरांच्या आईनं परीक्षेला बसावं, हे सासऱ्यांना मेलं तरी खपलं नसतं. पण मला बसायचं होतं. बहिणीनं सातवीतच शाळा सोडलेली. तिच्यापुढे मिरवायला माझ्याजवळ काय होतं दुसरं?

तर एवढं असून मी अमरावतीहून आले ती डोक्यात जिना घेऊनच. वर्षभर नवऱ्यामागे भुणभुण लावली. तो म्हणाला, तसा जिना बैठकीतच निघेल अन् जुना बंद करावा लागेल, बघ बरं. मी म्हटलं, करा बंद, त्या भुयारात मला जन्म काढायचा नाही. बहिणीला पत्र टाकून मापं विचारली. तिनं पायरीची जाडीसुद्धा कळवली. सासऱ्यांना वाटलं, आल्यागेल्याला दाखवायला झालं, ते उलट खूषच. गवंडी महिनाभर खपला. जुन्या जिन्याच्या फळ्या आम्ही अंघोळीचं पाणी तापवायला जाळल्या. त्या जळताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीच्या आत जिना झाला. पहिल्याच दुपारी सूप घेऊन निघाले अन् पायरीपाशी पाय अडला. जिन्याखाली सासरे, त्यांच्यापुढे तीन परकी माणसं. मी नऊवारी लुगड्यात. पायऱ्यांमधून सगळं आरपार. अन् सुनेनं सासऱ्यांच्या डोक्यावरून चढून जायचं? सूप घेऊन मुकाट्यानं परत फिरले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग वाळवण अंगणात घालू लागले. नवऱ्यानं पुस्तकं खाली आणून दिली, ती मी पिठाच्या डब्यामागे ठेवली. पण स्वयंपाकघरात बाईला घटकाभर कोण बसू देतं? पुस्तकं तिथंच पिठानं माखत राहिली.

संक्रांतीला बहीण आली. जिना खालूनच पाहिला, तारीफ केली नाही, नावंही ठेवली नाहीत. स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली अन् हळूच म्हणाली, "ताई, तू वर जाते का?"

मी नाही म्हटलं.

"मीबी नाही. माडी कशी दिसते तेच विसरली. मामंजी अन् यांचे पक्षकार दिवसभर जिन्याखालीच बसून राह्यतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मापं मागितली होती. मागितली तेव्हाच दोन ओळी जास्त लिहायला हिचं काय जात होतं?

"मग मले काहून नाही सांगितलं?"

ती तीळ निवडत राहिली. निवडता निवडताच म्हणाली, "लिहायले बसली होती. पण लहानपणापासून सारे तुह्याकडेच पाह्यत. तू हुशार, तू शहाणी. त्या दिवशी तू माह्या जिन्याकडे पाहून जळून राहिली होती, ताई. मले लय बरं वाटलं."

मॅट्रिकचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. फॉर्म भरायची मुदत संपून गेली होती अन् मी तो भरला नव्हता. ते मी तिला सांगितलं नाही. तिला आणखी बरं वाटलं असतं.