बाईंची नाडी

गाण्याच्या बाईंकडे लय मोजायचं यंत्र नव्हतं. कुणी आणून दिलं असतं, तर त्यांनी ते दाराला टेकू म्हणून लावलं असतं. गाणं सुरू करण्याआधी त्या डोळे मिटायच्या, डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या आणि नाडीच्या ठोक्यांवर लय द्यायच्या. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत वीस वर्षं हा वर्ग असाच चालला होता. पोस्टातल्या, बेकरीतल्या, बँकेतल्या अशा पंधरा बायका गायच्या आणि बाईंचा नवरा मूग गिळून कीबोर्ड वाजवायचा.

गेल्या काही महिन्यांत मात्र सगळ्यांना धाप लागू लागली. बेकरीवालीचा श्वास तर ओळीच्या आधीच संपायचा. बाई म्हणायच्या, तुम्ही आळशी झालात. नवऱ्याला म्हणायच्या, तुमची बोटं गंजलीत. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ हे तर येता-जाता ऐकवायच्या.

स्वतः त्या दोन माणसांचं जेवून वाळत चालल्या होत्या, भर थंडीत पंखा लावत होत्या आणि हात वहीखाली लपवत होत्या. हात थरथरत होते. त्यांच्या वडिलांचे असेच थरथरायचे. आधी चमचा सुटला, मग पेन, मग त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. तेच आता आपल्या वाट्याला आलंय, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. डॉक्टरनं ते बोलून दाखवलं की वर्ग बंद. म्हणून डॉक्टरकडे जायचंच नाही.

नवरा वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो दर तालमीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचा. एका दुपारी त्यानं दोन रेकॉर्डिंग ऐकवली. गेल्या वर्षी गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांचं होतं, या आठवड्यात दोन मिनिटं पंचवीस.

“अगं, गाणं तेच आहे, बायकाही त्याच आहेत,” तो म्हणाला. “तुझी नाडी तपासून घेऊ.”

बाईंनी दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा एकदा ऐकली. त्यांनी चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. नाडी भरली एकशे बारा. मग त्यांनी बाईंना हात पुढे धरायला लावले आणि बोटांवर कागद ठेवला. कागद फडफडला. पाणी गिळायला लावून गळा पाहिला. थायरॉइडचा संशय आहे, पण रक्त तपासल्याशिवाय काही सांगणार नाही, म्हणाल्या. पुढचे दोन दिवस बाई कुणावरही ओरडल्या नाहीत, तेव्हा वर्गाचं खरं धाबं दणाणलं.

रिपोर्ट आला. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करत होती, म्हणून छाती धडधडत होती, हात थरथरत होते. बाईंनी एवढंच विचारलं, “हात थांबतील ना?”

“थांबतील. गोळ्यांना काही आठवडे द्या.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या इतक्या हसत बाहेर आल्या की बाकावरच्या आजोबांनी विचारलं, मुलगा की मुलगी?

“थायरॉइड,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी वर्गाला आपणहून सांगितलं, की अंगण सरळच होतं. बेकरीवाली पोट धरून हसली. मग सवयीनं बाईंची बोटं मनगटाकडे गेली आणि थबकली. त्यांनी नवऱ्यापुढे हात केला.

“अहो, मनगट द्या. माझी ताळ्यावर येईपर्यंत तुमच्या नाडीवर गाऊ.”

या माणसाला त्या तीस वर्षं मख्ख म्हणत आल्या होत्या. बोटं टेकवली, तर त्याची नाडी धावत होती. बाईंनी वर पाहिलं. तो कीबोर्डकडे बघत होता.

“इतके दिवस घाबरला होतात?”

“हं,” तो म्हणाला.

बाईंनी लय दिलीच नाही. थरथरता हात सगळ्यांसमोर त्याच्या मनगटावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. ती नाडी संथ होईपर्यंत पंधरा बायका थांबल्या.

गाणं तीन मिनिटं बारा सेकंद चाललं. दोन सेकंद जास्तच लागले, आणि बाईंनी कुणाला बोल लावला नाही.