डाव्या कडेचा वेटर

कमलअक्कांनी कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, यामा मना भाऊ नही शे."

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. तेव्हा जळगावात आमची व्हिडिओ लायब्ररी होती. सिनेमांच्या कॅसेटा भाड्यानं द्यायच्या, आणि ज्यांच्या घरी यंत्र नसे त्यांना व्हीसीआर आणि रंगीत टीव्हीसुद्धा. दुपारी गिऱ्हाईक नसे, मी वाचत बसे. म्हणून धंद्यातली माणसं मला मास्तर म्हणत.

"कॅसेट बदलली का?" मी विचारलं.

"सिनेमा तोच शे. मना भाऊच नही शे."

मला काही कळेना. माझी पत्नी सुमती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. दुकान आम्ही दोघं चालवत होतो. "बसा अक्का," ती म्हणाली. "सगळं पहिल्यापासून सांगा."

अक्का एरंडोलजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचा धाकटा भाऊ सुपडू मुंबईला गेला होता. सिनेमात गर्दीच्या प्रसंगांना माणसं लागतात, तसली कामं करायचा. ह्या सिनेमात खलनायकाच्या घरी पार्टी चालते, तिथं डाव्या बाजूला वेटर होऊन तो उभा होता. अक्कांनी जळगावच्या थिएटरात त्याला स्वतः पाहिलं होतं. पुढच्याच वर्षी तो मुंबईत काविळीनं गेला. तिकडेच सगळं उरकलं. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. आई आता अंथरुणाला खिळलेली, अक्कांकडेच होती. थिएटरात नेणं शक्य नव्हतं, म्हणून अक्कांनी आमच्याकडून टीव्ही, व्हीसीआर आणि ही कॅसेट नेली. सगळं गाव जमलं, अक्कांचे जेठ, म्हणजे थोरले दीरही आले. पार्टी आली आणि गेली. सुपडू दिसला नाही.

"जेठ म्हनतस, तो मुंबईमा कपबश्या धुये. सिनेमा बठ्ठा खोटा." अक्का पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "लोके काय, बोलतसच. पन आते मायलेबी तसंच वाटस. ती मले बोलनी नही, भिंतकडे तोंड करी लिनं."

मी म्हणालो, "अक्का, ही प्रिंट खराब आहे. म्हणून दिसला नसेल."

हे मी समजूत काढायला बोललो नव्हतो. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र थोडं विटतं. त्या कॅसेटवरून आणखी एक काढली की लाल रंग कडेनं ओघळायला लागतो, चेहऱ्यावरचे नाक-डोळे पुसट होतात. आमच्याकडची कॉपी बरेच हात फिरून आलेली होती. त्या धंद्यात परवान्याचा माल किती आणि बिनपरवान्याचा किती, हे सगळ्यांना माहीत होतं. विचारत कोणी नसे. गिऱ्हाईकाचा प्रश्न एकच असे, "प्रिंट कशी आहे?" दोन टोकांची नावं होती. मास्टर म्हणजे थेट सिनेमाच्या रिळावरून उतरवलेली, स्वच्छ. कॅमेरा प्रिंट म्हणजे थिएटरात बसून पडद्यावरून चोरून टिपलेली. तिच्यात चित्र हलतं, लोक शिट्ट्या मारतात. सुमती कॅमेरा प्रिंट कुणाला द्यायचीच नाही. "ही नेऊ नका, डोकं दुखेल," असं गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायची. मी वैतागायचो. पण गिऱ्हाईक परत तिच्याकडेच यायचं.

मी एसटीनं धुळ्याला गेलो. झुंबरशेठ आम्हाला माल पुरवत. त्यांना सिनेमाचं नाव सांगितलं.

"आहे ना! एकदम पाण्यासारखी प्रिंट आली आहे, मास्तर. हिरॉइनच्या कुड्यांतले मोती मोजून घ्या."

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तिघं पाहायला बसलो. प्रिंट खरोखर पाण्यासारखी होती. पार्टी सुरू झाली. मोती मोजता येत होते. खलनायकाच्या ग्लासातला बर्फसुद्धा दिसत होता. डाव्या बाजूला मात्र कोणी नव्हतं.

अक्का उठून चपला शोधायला लागल्या.

"थांबा," सुमती म्हणाली. "मागं घ्या हो जरा."

मी टेप मागं घेतली. तिनं पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं एक ट्रे होता. अर्धाच. त्याखाली चार बोटं. क्षणभर दिसली आणि प्रसंग बदलला.

"हात आहे तर मागं माणूसही असणारच ना?" ती म्हणाली. "तो गेला कुठं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थिएटरचा पडदा लांबट असतो. तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी होता. लांबट चित्र चौकोनात बसवायचं तर दोन्ही कडा कापाव्या लागतात. नट मध्ये असतात, ते राहतात. कडेची माणसं जातात. मास्टर काढणारा हे काम सफाईनं करतो, म्हणून ती प्रिंट स्वच्छ आणि भरलेली दिसते. गेली काही वर्षं मी असल्या प्रिंटांची गिऱ्हाइकांकडे तारीफ करत होतो. काय कापलं गेलंय हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे अक्का खरं बोलतात," सुमती म्हणाली.

"मी कव्हय खोटं बोलनू?" अक्का चिडून म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. बरं वाटलं.

आता पूर्ण पडदा कुठं मिळणार? थिएटरातून सिनेमा केव्हाच उतरला होता. रिळं आणून खेड्यात दाखवणं आमच्या हातातलं नव्हतं. उरला एकच माणूस, ज्यानं पडदा कडेपासून कडेपर्यंत टिपला असेल. थिएटरात कॅमेरा लपवून बसलेला चोर. त्याला काय कापावं हे कळत नाही. समोर दिसेल ते तो घेतो.

मी पुन्हा धुळ्याला गेलो.

"शेठ, याची कॅमेरा प्रिंट पाहिजे."

झुंबरशेठनी चष्मा काढला. "मास्तर, तब्येत बरी आहे ना? कॅमेरा प्रिंट दिली म्हणून लोक माझ्या अंगावर येतात. तुम्ही तिकीट काढून मागायला आले?"

"आहे का?"

"होती. मास्टर आली की आम्ही जुनी पुसतो आणि त्याच कॅसेटवर दुसरा पिक्चर भरतो. सगळेच पुसतात." मग त्यांनी जरा विचार केला. "पाचोऱ्याला बघा. स्टेशनजवळ एक नाना आहेत. ते काही पुसत नाहीत, काही फेकत नाहीत. धंदापण करत नाहीत म्हणा."

पाचोऱ्याचे नाना एका अरुंद दुकानात पंख्याखाली बसले होते. सिनेमाचं नाव सांगितल्यावर त्यांनी कॅसेट काढली, पण हातातून सोडेनात. "ही नका नेऊ हो. दिली की शिव्या खातो. मागच्या माणसाचा खोकला ऐकू येतो हिच्यात."

"मला हीच हवी आहे."

"घरी पाहुणे आलेत का? लवकर घालवायचे असतील तर न्या."

मी त्यांना कारण सांगितलं. नानांनी कॅसेट फडक्यानं पुसली आणि भाडं घ्यायचं नाकारलं.

ह्या वेळी सामान घेऊन सुमती आणि मी दोघंही अक्कांच्या गावी गेलो. एकट्यानं जायची माझी छाती नव्हती. ही प्रिंट मी तपासून पाहिली होती. चित्र वर-खाली काळ्या पट्ट्यांच्या मध्ये, लांबट. डाव्या कडेला एक माणूस उभा होता खरा. पण त्याला चेहरा असा नव्हताच. एक फिकट डाग होता. सुमती म्हणाली होती, "त्या बघतील. आपण सांगायचं नाही."

म्हातारीची खाट टीव्हीसमोर आणली. अक्कांनी तिला उशीला टेकवून बसवलं. दाराशी जेठ उभे होते, हाताची घडी घालून. त्यांच्यामागं गाव.

पार्टी सुरू झाली. रंग गढूळ होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा. चित्र डावीकडे सरकलं आणि थांबलं. ट्रे दिसला, हात दिसला, हातामागं माणूस दिसला. आणि नेमका तेव्हाच त्या कुठल्याशा थिएटरातला एक प्रेक्षक उठून उभा राहिला. त्याचं काळं डोकं बरोबर सुपडूच्या पुढं आलं.

"अरे, खाले बठ ना रे, मुडदा!" म्हातारी ओरडली.

कोणी हसलं नाही. तो प्रेक्षक चाचपडत बाजूला झाला. वेटर पुन्हा दिसला. ट्रे धरून, कोणाकडेही न पाहता उभा होता.

म्हातारी पुढं वाकली. "हाऊच शे," ती म्हणाली. "डावा खांदा देख. धाकला व्हता तव्हयपासून तसाच खाले. कितला सांगू, सरका उभा ऱ्हाय, सरका उभा ऱ्हाय."

मी पडद्याकडे पाहिलं. सरळ उभा राहा असं आईनं कितीही सांगितलं तरी खांदा खरंच उतरता होता. मी ती प्रिंट तपासताना चेहरा शोधत बसलो होतो.

जेठांनी हाताची घडी सोडली. "कमल," ते म्हणाले, "परत लावाले सांग त्यास्ले." मग आत येऊन खाली बसले.

टेप सारखी मागं-पुढं केली तर यंत्राचं हेड झिजतं. गिऱ्हाइकांना आम्ही हे बजावून सांगत असू. त्या दिवशी म्हातारी थकून झोपेपर्यंत मी तो तुकडा लावत राहिलो. प्रत्येक वेळी तो प्रेक्षक उठे, आणि प्रत्येक वेळी ती त्याला शिवी घाले. शेवटी शेवटी तिच्या आवाजात राग उरला नव्हता. ओळखीच्या माणसाला हाक मारावी तशी ती बोलत होती.

कॅसेट अक्कांकडेच राहिली. नानांना कळवलं, तर ते म्हणाले, चांगल्या घरी पडली. म्हातारी पुढं काही महिने होती. शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून झोपली नाही, असं अक्कांनी सुमतीला सांगितलं. त्यानंतर गिऱ्हाइकानं चांगली प्रिंट मागितली, की मी आधी विचारू लागलो, "तुम्हाला त्यात काय पाहायचंय?" बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटे. पुढं केबल आली आणि लायब्ररी बंद झाली.

गेल्या हिवाळ्यात सुमती गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. सिनेमांच्या धंद्यात आयुष्य काढलं, पण घरात तिचा धड एक फोटो सापडेना. शेवटी नात्यातल्या एका लग्नाच्या अल्बममध्ये मिळाला. पंगतीच्या कडेला ती वाढायला उभी आहे, हातात भातवाढणं, पुढं कुणाचा तरी खांदा आलेला.

स्टुडिओवाला म्हणाला, "काका, हा खांदा काढून टाकतो. चेहरा साफ करतो, मागं निळा पडदा देतो. एकदम क्लियर होईल."

मी त्याला म्हणालो, काही काढू नका. आहे तेवढा सगळा मोठा करून द्या.